सूचीबद्ध कंपन्यांवरील सायबर हल्ले आणि माहिती जाहीर करण्याचे नियम : हैदराबादच्या अनुभवाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

मलकपेठ हा हैदराबाद शहराचा मुसी नदीच्या दक्षिणेकडील एक जुना भाग आहे. मलकपेठ, चंचलगुडा, सैदाबाद, दिलसुखनगर या पट्ट्यात वाणिज्य, संगणक व औषधनिर्माण हे विषय शिकलेले अनेक तरुण पुढे शहरातील औषध कंपन्या, बँका, हिशेब तपासनिसांची कार्यालये आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्या यांत नोकरीला लागतात. याच वस्त्यांतील कुटुंबांची बचतही आता केवळ सोन्यात वा बँकेच्या ठेवीत राहिलेली नाही. म्युच्युअल फंड, विमा आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्या मार्गाने ती शेअर बाजारापर्यंत पोहोचली आहे. म्हणजेच मोठ्या कंपनीशी सामान्य माणसाचे नाते आज दुहेरी झाले आहे : तो कर्मचारी म्हणून कंपनीत काम करतो आणि बचत करणारा म्हणून तिच्या भांडवलात अप्रत्यक्ष वाटेकरी असतो.

अशा कंपनीच्या संगणक यंत्रणेत चोर शिरले, माहिती पळवली गेली किंवा कामकाज ठप्प झाले, तर ही गोष्ट कंपनीने कोणाला, किती वेळात आणि किती तपशिलाने सांगावी? या प्रश्नाचे उत्तर भारतात आणि अमेरिकेत आता कायद्याने व नियमांनी दिलेले आहे. कम्युनिटी कॉलेजमधील अध्यापकांना हे नियम वर्गात समजावून देता यावेत, तसेच या साखळीत आपल्या विद्यार्थ्यांचे स्थान कोठे आहे हे लक्षात यावे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रकटीकरणाची गरज का?

ज्या कंपनीचे शेअर बाजारात खरेदी-विक्रीसाठी नोंदविलेले असतात तिला सूचीबद्ध कंपनी म्हणतात. अशा कंपनीचे मालक हजारो, कधी कधी लाखो भागधारक असतात. ते कंपनीचे कामकाज स्वतः पाहू शकत नाहीत. कंपनी जे जाहीर करते त्यावरच त्यांचा निर्णय अवलंबून असतो. भागधारकांच्या निर्णयावर परिणाम करणारी माहिती सर्वांना एकाच वेळी खुली करणे यालाच प्रकटीकरण म्हणतात.

दडवलेल्या माहितीची किंमत हैदराबाद शहराने मोजलेली आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या अध्यक्षांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात कंपनीचे हिशेब वर्षानुवर्षे फुगवल्याची कबुली दिली. ताळेबंदात दाखवलेली सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँक शिल्लक प्रत्यक्षात नव्हतीच. त्या एका दिवसात शेअरचा भाव तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळला. तो सायबर हल्ला नव्हता, हिशेबातील लबाडी होती. तथापि आतल्या मोजक्यांना ठाऊक असलेली गोष्ट बाहेरच्या असंख्यांना ठाऊक नसली म्हणजे काय होते, याचा तो धडा होता.

सायबर घटनेतही हीच विषमता निर्माण होते. २०१७ मध्ये अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीतून १४ कोटींहून अधिक लोकांची वैयक्तिक माहिती चोरीस गेली. ही बाब जाहीर होण्यापूर्वीच कंपनीतील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने आपल्याकडील शेअर विकले. या गुन्ह्याबद्दल २०१९ मध्ये त्याला चार महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. ज्याने त्याचे शेअर विकत घेतले तो मात्र अंधारातच होता. प्रकटीकरणाचे नियम आहेत ते या अंधारातल्या खरेदीदारासाठी.

जोखीम आणि घटना यांतील फरक

विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळ येथे होतो, म्हणून हा फरक आरंभीच स्पष्ट केलेला बरा. ‘आमच्या संगणक यंत्रणेवर हल्ला होऊ शकतो’ हे विधान जोखमीचे आहे. ‘आमच्या यंत्रणेवर हल्ला झाला’ हे विधान घटनेचे आहे. पहिले विधान वार्षिक अहवालात येते आणि त्याबरोबर ती जोखीम हाताळण्यासाठी कंपनीने काय व्यवस्था केली आहे हेही सांगावे लागते. दुसरे विधान घटना घडल्यावर ठराविक मुदतीत शेअर बाजाराला कळवावे लागते.

घटना घडून गेल्यावरही कंपनी जोखमीचीच भाषा वापरत राहिली तर ती दिशाभूल ठरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने युनिसिस या कंपनीला ४० लाख डॉलर दंड केला. आयोगाच्या म्हणण्यानुसार आपल्या यंत्रणेत दोन वेळा घुसखोरी होऊन बरीच माहिती बाहेर गेली हे कंपनीला माहीत असूनही अहवालात हल्ल्याचा उल्लेख केवळ संभाव्य धोका म्हणून करण्यात आला होता. पाणी घरात शिरले असताना शेजाऱ्याला ‘पावसाळ्यात पाणी शिरू शकते’ असे सांगण्यासारखाच हा प्रकार होय.

हैदराबाद आणि मुंबईतील तीन घटना

डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज ही डॉ. के. अंजी रेड्डी यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेली हैदराबादची औषध कंपनी. तिचे मुख्यालय बंजारा हिल्समध्ये आहे. मुंबई शेअर बाजार व राष्ट्रीय शेअर बाजार यांच्याबरोबरच २००१ पासून ती न्यूयॉर्क शेअर बाजारातही सूचीबद्ध आहे. २२ ऑक्टोबर २०२० रोजी या कंपनीवर सायबर हल्ला झाला. रशियन बनावटीच्या स्पुटनिक-व्ही या करोना लशीच्या भारतातील चाचण्यांना कंपनीला परवानगी मिळून जेमतेम काही दिवस झाले होते. त्यामुळे साऱ्या देशाचे लक्ष तिच्याकडे होते.

त्याच दिवशी कंपनीने शेअर बाजारांना कळविले की, हल्ला लक्षात आल्याने खबरदारीचा उपाय म्हणून सर्व डेटा सेंटर सेवा वेगळ्या काढण्यात आल्या आहेत. सेवा २४ तासांत पूर्ववत होतील आणि कामकाजावर मोठा परिणाम होणार नाही, अशी अपेक्षाही व्यक्त करण्यात आली. सहा दिवसांनी, २८ ऑक्टोबरला, तिमाही निकालांबरोबर अधिक तपशील देण्यात आला. हा हल्ला रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा होता. बाहेरील तज्ज्ञांना पाचारण केले होते आणि यंत्रणा पूर्ववत करण्याचे काम सुरू होते. लोकांची वैयक्तिक माहिती बाहेर गेली किंवा कसे, हे तोपर्यंत निश्चित झालेले नव्हते आणि कंपनीने तसे स्पष्ट सांगितले.

दुसरी घटना मुंबईच्या सन फार्मास्युटिकल इंडस्ट्रीजची. २ मार्च २०२३ रोजी कंपनीने माहिती सुरक्षेसंबंधी घटना घडल्याचे कळविले. मुख्य यंत्रणांवर व कामकाजावर परिणाम झाला नसल्याचे त्यात म्हटले होते. २६ मार्चला चित्र बदलले. एका रॅन्समवेअर टोळीने हल्ल्याची जबाबदारी घेतली असून कंपनीची व काही वैयक्तिक माहिती चोरीस गेली आहे, कामकाजावर परिणाम झाला आहे आणि काही व्यवसायांतील महसूल घटण्याची शक्यता आहे, असे कंपनीने जाहीर केले.

तिसरी घटना पुन्हा हैदराबादचीच. मे २०२३ मध्ये ग्रॅन्युल्स इंडिया या औषध कंपनीने अशाच घटनेची माहिती शेअर बाजारांना दिली आणि पुढील महिन्यात उत्पादनात मोठा व्यत्यय येऊन महसूल व नफा यांना फटका बसल्याचे कळविले.

या तिन्ही घटनांतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. पहिली सूचना ही अंतिम सत्य नसते. हल्ल्याच्या पहिल्या दिवशी कंपनीलाही नुकसानीचा पुरता अंदाज आलेला नसतो. म्हणून चांगल्या प्रकटीकरणाची कसोटी पहिल्याच दिवशी सर्व काही सांगणे ही नव्हे. आज काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही हे प्रामाणिकपणे सांगणे आणि नवी माहिती हाती येताच आधीचे विधान सुधारणे, ही ती कसोटी होय.

भारतातील नियम : दोन खिडक्या, दोन घड्याळे

भारतात सूचीबद्ध कंपनीला सायबर घटना दोन वेगवेगळ्या खिडक्यांवर कळवावी लागते. दोन्हींचे हेतू निराळे आहेत.

(१) सरकारी यंत्रणेला सूचना : माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७०-ब खाली सर्ट-इन ही राष्ट्रीय संस्था काम करते. २८ एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून अथवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून ६ तासांच्या आत ती सर्ट-इनला कळविणे बंधनकारक आहे. संगणक यंत्रणेतील नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. ही सूचना सरकारला असते, जनतेला नव्हे. हल्ला इतरत्र पसरू नये व तपास व्हावा हा तिचा हेतू असतो. हे बंधन सूचीबद्ध नसलेल्या संस्थांनाही लागू आहे.

(२) शेअर बाजाराला सूचना : सेबीच्या सूचीबद्धतेची बंधने व प्रकटीकरण या विषयावरील २०१५ च्या विनियमांतील विनियम ३० येथे लागू होतो. १५ जुलै २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, महत्त्वाची घटना कंपनीच्या आतून उद्भवली असेल तर १२ तासांत आणि बाहेरून उद्भवली असेल तर २४ तासांत कळवावी लागते. बाहेरच्या टोळीचा हल्ला सामान्यतः दुसऱ्या प्रकारात बसतो. विलंब झाल्यास त्याचे कारण द्यावे लागते आणि प्रकरण मिटेपर्यंत वेळोवेळी पुढील माहिती पुरवावी लागते. ही सूचना शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते.

याखेरीज त्याच २०२३ च्या दुरुस्तीने विनियम २७ मध्ये एक नवी तरतूद घातली. कंपनीने तिमाही सुशासन अहवालाबरोबर त्या तिमाहीतील सायबर घटना, सुरक्षाभंग किंवा माहिती व दस्तऐवज गहाळ होणे यांचा तपशील द्यावा, अशी ती तरतूद आहे. तक्त्यात घटना घडली काय, हो किंवा नाही, घडली असल्यास तारीख आणि थोडक्यात तपशील, एवढेच रकाने असतात. अगदी लहान कंपन्यांना यातून सूट आहे. जोखमीच्या बाजूने पाहता, बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना संचालक मंडळाची जोखीम व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि सायबर सुरक्षा हा तिच्या कामाचा भाग आहे.

‘महत्त्वाची’ घटना कशी ठरते?

दररोज येणारा प्रत्येक फसवा ई-मेल शेअर बाजाराला कळविणे शक्य नाही आणि उपयोगाचेही नाही. म्हणून घटना महत्त्वाची आहे की नाही हे ठरविण्यासाठी सेबीने आकड्यांची मोजपट्टी दिली आहे. उलाढालीच्या २ टक्के, निव्वळ मालमत्तेच्या २ टक्के आणि गेल्या तीन वर्षांतील करोत्तर नफा-तोट्याच्या सरासरीच्या ५ टक्के, या तीन रकमांपैकी जी सर्वांत कमी असेल ती मर्यादा धरावयाची.

उदाहरणादाखल एक काल्पनिक कंपनी घेऊ या. तिची उलाढाल १०,००० कोटी, निव्वळ मालमत्ता ८,००० कोटी आणि तीन वर्षांचा सरासरी करोत्तर नफा १,००० कोटी रुपये आहे. मोजपट्टीनुसार रकमा अनुक्रमे २०० कोटी, १६० कोटी आणि ५० कोटी येतात. म्हणजे हल्ल्याचा अपेक्षित परिणाम ५० कोटी रुपयांहून अधिक असेल तर घटना महत्त्वाची ठरेल. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे गणित फळ्यावर सहज सोडवून दाखविता येते.

परंतु आकडा हीच एकमेव कसोटी नाही. माहिती न सांगितल्यामुळे आधी जाहीर झालेल्या माहितीचा अर्थ बदलत असेल किंवा ती पुढे उघड झाल्यावर बाजारात मोठी प्रतिक्रिया उमटण्याची शक्यता असेल, तरीही घटना महत्त्वाची समजली जाते. एखाद्या विमा कंपनीतून ग्राहकांच्या आजारांची माहिती बाहेर पडली, तर त्या दिवशी रोकड कदाचित एक रुपयाही बुडालेली नसते. बुडतो तो विश्वास, आणि त्याची किंमत नंतर मोजावी लागते.

अमेरिकेतील नियम आणि भारतीय कंपन्या

डॉ. रेड्डीज, इन्फोसिस, विप्रो यांसारख्या कंपन्या न्यूयॉर्कमध्येही सूचीबद्ध असल्यामुळे अमेरिकेचे नियम माहीत असणे गरजेचे ठरते. तेथील आयोगाने २०११ व २०१८ मध्ये या विषयावर मार्गदर्शन केले होते, पण निश्चित मुदत नव्हती. याहू कंपनीला २०१४ मधील प्रचंड माहितीचोरी त्याच वर्षी कळली होती, मात्र ती जाहीर झाली २०१६ मध्ये. याबद्दल २०१८ मध्ये कंपनीच्या वारस संस्थेला ३ कोटी ५० लाख डॉलर दंड भरावा लागला.

२६ जुलै २०२३ रोजी आयोगाने नवे नियम संमत केले. त्यानुसार घटना महत्त्वाची आहे असे ठरविल्यापासून चार कामकाजी दिवसांत अमेरिकी कंपनीने ८-के या नमुन्यात तिचे स्वरूप, व्याप्ती, काळ आणि परिणाम जाहीर करावयाचे असतात. येथे घड्याळ घटना घडल्यापासून नव्हे, तर ती महत्त्वाची आहे या निर्णयापासून सुरू होते. मात्र तो निर्णय विनाकारण लांबविता येत नाही. राष्ट्रीय सुरक्षेला धोका असल्याचे अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनी कळविल्यास प्रकटीकरण काही काळ पुढे ढकलता येते. परदेशी कंपन्यांसाठी पद्धत थोडी वेगळी आहे. मायदेशात किंवा अन्य शेअर बाजारात जाहीर केलेली महत्त्वाची घटना त्या ६-के नमुन्यात तेथेही सादर करतात. सायबर जोखमीचे व्यवस्थापन कसे चालते याचे वर्णन २०-एफ या वार्षिक अहवालात द्यावे लागते.

घाई आणि अचूकता यांतील ताण

नियमांवर आक्षेपही आहेत. पहिला आक्षेप असा की, यंत्रणेतील भगदाड बुजण्यापूर्वीच ते जाहीर केले तर इतर चोरांना आयती वाट दाखविल्यासारखे होईल. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच नियमांना घटनेचा परिणाम कळणे अपेक्षित आहे, कुलूप कसे तोडले याचा तांत्रिक आराखडा नव्हे. दुसरा आक्षेप अपुऱ्या माहितीवर काढलेल्या घाईच्या सूचनेबद्दल आहे. त्याचे उत्तर वर आलेच आहे : जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगावे.

तिसरी अडचण अनपेक्षित होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका रॅन्समवेअर टोळीने मेरिडियनलिंक या अमेरिकी कंपनीने हल्ल्याची माहिती जाहीर केली नाही, अशी तक्रार स्वतःच आयोगाकडे केली. तो नियम तेव्हा अमलातही आलेला नव्हता. पण यावरून दिसते की, कंपनीचे मौन हे चोरांच्या हातातील शस्त्र बनते. जी गोष्ट आधीच उघड झाली आहे तिची धमकी देऊन खंडणी मागता येत नाही.

सूचीबद्ध नसलेल्या संस्थांचे काय?

सामान्य ठेवीदाराचा पैसा अनेकदा सूचीबद्ध नसलेल्या संस्थांत असतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये, तर जानेवारी २०२२ मध्ये हैदराबादच्या महेश सहकारी बँकेतून १२ कोटींहून अधिक रुपये सायबर चोरांनी पळविले. सहकारी बँकांचे शेअर बाजारात नसल्याने त्यांना सेबीचे हे नियम लागू होत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेला व सर्ट-इनला उत्तरदायी असतात. म्हणजे भागधारकाला जेवढे कळण्याचा हक्क आहे, तेवढा ठेवीदाराला आपोआप मिळत नाही.

ही उणीव काही अंशी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ भरून काढतो. वैयक्तिक माहितीचा भंग झाल्यास संस्थेने संबंधित मंडळाला आणि प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवावे, असे त्यात म्हटले आहे. कळविण्यात कसूर झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ही बंधने लागू होण्यासाठी त्यात १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली आहे.

साखळीची पहिली कडी आणि अध्यापकांची भूमिका

६ तास, २४ तास, चार दिवस या सर्व मुदती वरच्या अधिकाऱ्यांसाठी लिहिलेल्या वाटतात. प्रत्यक्षात घटना प्रथम ज्याच्या नजरेस पडते तो बहुधा बिले नोंदविणारा कारकून, भांडारातील सहायक किंवा मदत कक्षातील तंत्रज्ञ असतो. एखाद्या अनोळखी दुव्यावर त्याचे बोट पडते, पडदा विचित्र वागू लागतो आणि नोकरी जाईल या भीतीने तो गप्प बसतो. तो एक दिवस गप्प बसला तर सुरक्षा विभाग, सर्ट-इन, शेअर बाजार आणि अखेर भागधारक या सर्वांनाच एक दिवस उशिरा कळते. तो दिवस हल्लेखोराच्या पदरात पडतो.

ही पहिली कडी म्हणजे कम्युनिटी कॉलेजचा विद्यार्थी होय. नियम त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, शिक्षण पोहोचते. त्या दृष्टीने पुढील उपक्रम सुचविता येतील.

(१) शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून एखाद्या कंपनीची सायबर घटनेसंबंधीची पहिली व नंतरची सूचना काढून विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी ठेवून वाचावयास द्यावी. काय सांगितले, काय राखून ठेवले आणि पुढे काय बदलले, याची नोंद त्यांनी करावी.

(२) एका काल्पनिक हल्ल्याचा प्रसंग देऊन वर्गाचे कारकून, सुरक्षा अधिकारी, कंपनी सचिव आणि भागधारक असे गट करावेत. कोणत्या तासाला कोणाला काय कळवावे लागेल, याचा तक्ता गटांनी तयार करावा.

(३) कळविण्याचा सराव करून घ्यावा. काय दिसले, किती वाजता दिसले, आपण काय केले आणि कशाला हात लावला नाही, या चार वाक्यांत निवेदन लिहिता येणे हे कोणत्याही नोकरीत उपयोगी पडणारे कौशल्य आहे.

(४) महाविद्यालयाच्या संगणक कक्षातच ही शिस्त लावावी. चूक कबूल करणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वांसमोर ओरडा बसला, तर तो पुढे कार्यालयात जाऊन गप्प बसणेच शिकतो.

समारोप

सायबर हल्ला पूर्णपणे टाळण्याची हमी कोणतीही कंपनी देऊ शकत नाही आणि नियमांची तशी अपेक्षाही नाही. झालेली गोष्ट वेळेवर, सरळ शब्दांत आणि सर्वांना सारखी सांगावी, एवढीच त्यांची मागणी आहे. बंजारा हिल्समधील कार्यालयातून निघणाऱ्या सूचनेवर मलकपेठमधील एखाद्या कुटुंबाच्या बचतीचा निर्णय अवलंबून असू शकतो. त्या सूचनेची सुरुवातही कदाचित त्याच वस्तीतून कामाला गेलेल्या तरुणाने वेळीच उचललेल्या दूरध्वनीने झालेली असेल. घडलेले लपवू नये, लगेच कळवावे, ही सवय त्याला कार्यालयात नव्हे, तर वर्गात लागलेली असावी लागते.